र-७२११ या जहाजाचं अक्षर

धुळ्यात आमच्या संघटनेची एक खोली आहे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावर. पत्रकांचे गठ्ठे, झेंड्यांच्या काठ्या, एक फळा, एक खुर्ची, एक सतरंजी. मी मूळची एरंडोलची. धुळ्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा किल्ली हातात देऊन सगळं सांगितलं गेलं, फक्त रविवारी दुपारी ही खोली दुसऱ्या कुणाला वापरायला दिलीय, तेवढं राहिलं. खेड्यांकडच्या एसटी फेऱ्या बंद झाल्या होत्या, पोरींचं कॉलेज सुटत होतं आणि मला रविवारीच बैठक घ्यायची होती. दार ढकललं तर आत तीन मोठी माणसं फासे टाकत होती, दोन सतरंजीवर, एक फळ्याशी.

"जुगार?" मी विचारलं.

"जहाजं," फळ्याशी उभा असलेला म्हणाला.

तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पैसे, सुटी लागली तर ठेंगा. सगळे त्याला सर म्हणत. या असल्याच मास्तरांसाठी मी उन्हाळ्यात पत्रक लिहिलं होतं, मोर्चा काढला होता.

"तुमच्याच मोर्चाला तुम्ही दिसला नाहीत सर."

"होतो. मागे होतो. घोषणा मला जमत नाहीत, पाय जमतात."

दुसरा सोनगीरचा. घरची पिकअप गाडी होती, महामार्गावर भाडी मारायचा, अहिराणीच बोलायचा. तिसरी मुलगी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. नर्सिंगचा कोर्स संपवून नेमणुकीची वाट पाहत एका खासगी दवाखान्यात राबत होती. तिला सगळे सिस्टर म्हणत, गाडीवालासुद्धा, आणि तो तिच्याहून मोठा होता.

बाहेर पाण्यासाठी, बससाठी माणसं रडतायत आणि हे तिघं अंतराळात जहाजं उडवतायत. मी तसं बोलूनही दाखवलं. गाडीवाला फासे खुळखुळवत म्हणाला, "मोर्चाताई, पंखा चालू शे, बसा. भांडन बसीसन बी व्हस."

बसले. भांडण बसूनही होतं हे खरंच; बैठकीची माणसं येईपर्यंत बसू म्हटलं.

हा खेळ मोबाईलवरचा नव्हता. सरांकडे कुणा मित्राने दिलेली एका इंग्रजी नियमपुस्तकाची काही झेरॉक्स पानं होती. त्यावरून त्यांनी मराठीत सगळं बसवलं होतं. खेळणारे ते कप्तान, आणि बाकीचं विश्व, म्हणजे तारे, बंदरं, वादळं, चोर, अधिकारी, ते एकटे सर. प्रत्येक कप्तानाचं एक जहाज. पण जहाजाचं चित्र कुठेच नव्हतं. फळ्यावर फक्त हे लिहिलेलं:

म-३४५२

"हे काय?"

"गाडीवाल्याचं जहाज."

"कुठंय?"

"हे काय समोर. वाच की."

मला राग आला. पत्रकाच्या कामात आम्हाला एकच गोष्ट घोकून घेतली होती. माणूस चालता चालता वाचतो, त्याच्या हातात पाव मिनिट असतं, तेवढ्यात सगळं सांग. मी त्यात तरबेज होते. एक गाव, त्याची एक बस, ती का बंद केली, कुणी केली आणि आपण काय करायचं, एवढं मी अर्ध्या पानात बसवायची. अख्खं जहाज पाच चिन्हांत? शक्यच नाही.

सरांनी खडू घेतला. पहिलं अक्षर म्हणजे काम. म मालवाहू, य युद्धाचं, र रुग्णांचं, ख खनिजाचं, क कैद्यांचं. मग चार आकडे. पहिला आकार. एक म्हणजे या खोलीएवढं, आणि पुढचा प्रत्येक आकडा दहापट. दुसरी उडी, म्हणजे एका झेपेत ते किती लांबच्या ताऱ्यापर्यंत पोचतं. तिसरा जोर, म्हणजे थांबलेलं जहाज किती लवकर वेग धरतं. चौथा श्वास. किती माणसांना ते आत जिवंत ठेवू शकतं. श्वास एक म्हणजे दहाबारा चालक, बस्स. पुढे तोही दहापटीनं.

मी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. तीन, म्हणजे शंभर खोल्यांएवढं. उडी चांगली. जोर त्याहून चांगला. माणसं शंभरएक. आणि काय झालं कुणास ठाऊक, मला ते दिसलं. बुटकं, रुंद, मागून जड, चढावर दम न सोडणारं काहीतरी, काळ्या शांततेत एकटंच निघालेलं.

"दिसनं ना?" गाडीवाला हसला. "आमनी पिकअपच शे ती. फक्त आभायमा."

मग सिस्टरने स्वतः उठून आपल्या जहाजाचा आकडा लिहिला. तिचं अक्षर दवाखान्यातल्या लोकांसारखं नव्हतं, स्वच्छ गोल होतं.

र-७२११

मी बोटांवर हिशेब केला. सात. दहा लाख खोल्या. धुळं उचलून आत ठेवलं तरी जळगावला जागा उरावी, एवढं. उडी बेताची. जोर एक, म्हणजे आज ढकललं तर आठवड्याने हललेलं कळावं. आणि श्वास एक. मी परत वाचलं. रुग्णांचं जहाज, दहा लाख खोल्यांचं, आणि त्यात दहाबारा माणसांपुरता श्वास.

"काहीतरी चुकलंय," मी म्हणाले.

"नाही चुकलं," सिस्टर म्हणाली. "ते दगड वाहायचं जहाज होतं. आता त्यात माणसं आहेत."

तिनं ते कित्येक महिने खपून उभं केलं होतं. एका ग्रहावरची हवा संपत आली, मोठ्या जहाजांनी श्रीमंतांना नेलं आणि उरलेल्यांपाशी हिचं खनिजजहाज पडून होतं. तिनं दगडांची कोठारं धुतली आणि हवेवाचून आजारी पडलेली हजारो माणसं आत घेतली. जहाजाला स्वतःचा श्वास नाही, म्हणून वाटेत भेटेल त्या जहाजाकडे हात पसरून हवेच्या टाक्या मागायच्या. गाडीवाल्यानं तीनदा दिल्या होत्या. दर रविवारी थोडी वाट कापायची आणि थोडी हवा जमवायची. लांब कुठेतरी एक बंदर होतं आणि त्याच्याखाली उघड्या आभाळाचा ग्रह.

अर्ध्या पानात मी हे बसवू शकले नसते. पानभरातही नाही. जे जहाजात नाही आणि जे जहाजाला हवंय, ते दोन्ही त्या दोन टोकांच्या खुणांत होतं. एकीकडे र, दुसरीकडे १. मधे केवढा अंधार.

आमची बैठक जिन्यात झाली. पुढच्या आठवड्यापासून ती शनिवारी घ्यायची ठरवली. कुणी कारण विचारलं तर मी सांगत होते, रविवारी खोली अडते.

मी जहाज घेतलं नाही. नुसती बसायची. पण आकडे वाचायला शिकले आणि दर रविवारी वर बघत घरी जायची. बंदराच्या वाटेवर सर एखादा नवा आकडा लिहीत. क-५३२४. आम्ही श्वास रोखून वाचत असू. कैद्यांचं, दहा हजार खोल्या, दहाएक हजार माणसं, फारशी घाई नसलेलं. कुणाचे कैदी? कुठे नेतायत? त्या आकड्यातून सिस्टरला खिडक्या नसलेल्या भिंती दिसत. ती म्हणायची, "वळा. यांच्याकडे हवा मागायची नाही. ते मोजून देतात आणि मोजून घेतात."

मग पुणेकर आला. मूळ धुळ्याचाच. पुण्याच्या कंपनीचं काम आता घरात बसून करायचा. त्यानं या खेळाचं मूळ इंग्रजी पुस्तक अख्खं वाचलेलं होतं, पुण्यात खेळलेलाही होता. आल्या आल्या त्यानं स्वस्तातलं म्हणून एक जुनं कैदीजहाज घेतलं, आत धान्य भरलं आणि आमच्या रीतीने त्याला म लावलं. दोनतीन रविवार तो काही बोलला नाही. नवा माणूस, घरात पाहुण्यासारखा.

त्याच सुमारास सिस्टरची नेमणूक आली. डोंगराखालच्या एका उपकेंद्रावर, लांब, मोबाईलची रेंज झाडावर चढल्यावर मिळते अशा ठिकाणी. सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणजे हा तिचा शेवटचा रविवार. जहाज बंदराच्या तोंडाशी आलेलं. हवा आणखी एका दिवसाची.

"पोचवून जाईन," ती म्हणाली. "अर्धवट सोडून गेले तर तिकडे झोप लागायची नाही."

"पोचलंच समज," गाडीवाला म्हणाला. "र शे ना. बंदरमा र ले पह्यला नंबर."

नियम तसाच होता. रुग्णांचं जहाज आलं की बाकीचे थांबतात. खनिजवाले, मालवाले बाहेरच्या कड्यावर रांगेत.

तेव्हा पुणेकर बोलला. आवाज अगदी हळू, पण बोलला.

"सर, मी आधीच सांगायला हवं होतं. पण ते अक्षर र नाहीये."

"म्हणजे?"

"पहिलं अक्षर म्हणजे जहाज कशासाठी *बांधलं* ते. आज काय करतंय ते नाही. पुस्तकात स्पष्ट आहे. ते कारखान्यात लागतं आणि कधी बदलत नाही. हिचं जहाज ख आहे. ख-७२११. म्हणून तर श्वास एक आहे."

त्यानं बॅगेतून पुस्तक काढलं. सरांनी पान वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांच्या झेरॉक्समध्ये ते पान नव्हतंच. अक्षर म्हणजे काम, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि काम म्हणजे आजचं काम, हे त्यांनी गृहीत धरलं. आम्ही सगळ्यांनीच धरलं. एकालाही वर्षभरात शंका आली नाही.

येणार कशी? गाडीवाल्यानं गुडघे टेकून पुणेकराकडे तोंड केलं.

"पुणेरी भो, आमनी पिकअप कंपनीनी कसाकरता बनाडी?"

"मालासाठी."

"मंग मन्ही माय दवाखानामा कसामा गयी? पिकअपमा! वऱ्हाड कसामा जास? पिकअपमा! कापूस बी तिन्हामाच, कापूस येचनाऱ्या बाया बी तिन्हामाच. तू सांग आते, तिले कोणतं अक्षर लावशी?"

"पुस्तकाप्रमाणे म."

"माय वं! मन्ही माय म्हंजे माल?"

हसू आलं सगळ्यांना, सिस्टरलासुद्धा. पण पुणेकर बरोबर होता आणि ते सगळ्यांना कळत होतं. आमच्याकडे केळीचा ट्रक माल उतरवून परत येताना मजूर घेऊन येतो. शाळेच्या वर्गात लग्नाची पंगत बसते. आम्ही वस्तूला विचारतो, आज काय करतेस? तू कशाला जन्मलीस, हे वस्तूला कोण विचारतं? माणसाला मात्र रोज विचारतात.

सरांनी डस्टर घेतलं. "चूक माझी आहे. पण एकाचं अक्षर बदलायचं तर सगळ्यांची बदलतील."

त्यांनी फळ्यावरची सगळी अक्षरं पुसली आणि एकेक नवं लिहायला लागले. गाडीवाल्याचं जहाज त्यानं एका भंगारवाल्याकडून घेतलेलं होतं. ते मुळात युद्धाचं. य. पुणेकराचं धान्यजहाज, क. ज्यांच्याकडून सिस्टरने दूध घेतलं होतं ते, य. ज्यानं वादळात वाट दाखवली होती ते, क. मी बघत राहिले. वर्षभर ज्या आभाळात दूधवाले, धान्यवाले, वाटाडे होते, तिथे अक्षर बदलताच तोफा आणि कोठड्या दिसायला लागल्या. एकही जहाज हललं नव्हतं. जी जहाजं होती तीच होती. मला भीतीच वाटली, खरोखरची. एका अक्षरात एवढं बळ असतं हे मला माहीत होतं, दाखल्यांच्या रांगांत उभी राहिलेली बाई आहे मी. पण ते असं एकाच वेळी, पूर्ण आभाळभर, कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी सरांनी लिहिलं: ख-७२११.

"सिस्टर, तुला बाहेरच्या रांगेत थांबावं लागेल."

"किती?"

सरांनी फासे टाकले. आम्ही वाकून बघितलं. तीन दिवस.

हवा एका दिवसाची.

मी उठले. उभ्यानेच सुरू केलं. हा नियम कुणी केला, कुणाच्या सोयीचा आहे, बांधणाऱ्याच्या मनातलं काम खरं आणि जगवणारीच्या हातातलं काम खोटं, हा कुठला न्याय, आपण खोलीतले पाच जण हा नियम इथल्या इथे रद्द करू शकतो, हात वर करा. गाडीवाल्यानं लगेच हात वर केला. दोन्ही.

"ताई, बसा," सिस्टर म्हणाली. "हवा खर्च होतेय."

मी बसले.

"मला रद्द करून नकोय," ती पुढे म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी नियम वाकवला तर मी पोचले असं मला वाटणारच नाही. तुम्ही मला पोचवलं असं होईल. वर्षभर मी कशाला खपले मग?"

खाली दुकानात कुणीतरी सायकलच्या ट्यूबला हवा भरत होतं. पंपाचा आवाज वर येत होता आणि आमच्यापैकी कुणालाच तो सहन होत नव्हता.

पुणेकर पानं चाळत होता. चूक दाखवली तेव्हा तो शांत होता, आता त्याचे हात घाईत होते. मग थांबला.

"एक आहे," तो म्हणाला. "पण ते चांगलं नाहीये."

"सांग."

"अक्षर न लावता आलेलं जहाज. ते काय आहे हे बंदराला माहीत नसतं, म्हणून बंदर घाबरतं. अधिकारी रांगेच्या आधी, लगेच, स्वतः जहाजावर चढून तपासतो. मग त्याला योग्य वाटेल तिथे लावतो." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "पण तो चढला की जहाज बंदराचं. परत मिळत नाही. कप्तानाचा खेळ संपतो."

सिस्टरने विचार केला असं म्हणायलाही वेळ मिळाला नाही. ती उठली, फळ्यापाशी गेली आणि ख तळहाताने पुसला. पुढची छोटी रेघही पुसली.

७२११

नुसतं एवढंच. कसलं, कुणाचं, कशाला, काही नाही. केवढं मोठं आणि किती कमी श्वास, तेवढं फक्त. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात उघडं काहीतरी होतं ते.

सर खुर्चीवरून खाली सतरंजीवर आले. आता ते अधिकारी होते. खर्जात म्हणाले, "अनोळखी जहाज, मी चढतोय. दार उघडा."

"उघडते. पण साहेब, तुमची हवा तुम्ही घेऊन या. आमच्याकडे जास्तीचा एक श्वास नाही."

सर क्षणभर अधिकारी राहिले नाहीत. मग सावरून म्हणाले, "आणली."

"डावीकडून चला. मधे माणसं झोपलीत, पाय जपून. हे पहिलं कोठार. इथे लोखंडाचा दगड असायचा, भिंतींना अजून लाल रंग येतो, पोरांच्या अंगाला लागतो, ते रक्त नाही. इथे लहान मुलं ठेवलीत कारण टाक्या इथे जवळ आहेत. बोलायचं नाही हा नियम आहे, बोलण्यात हवा जाते. म्हणून सगळे हातांनी बोलतात. बघा."

सरांनी बघितलं. आम्हीही बघितलं. मी शपथेवर सांगते, त्या सतरंजीवर मला ते दिसलं. टोक न दिसणारं कोठार, ओळीने निजलेली माणसं आणि अंधारात हलणारे हजारो हात.

"दुसरं कोठार बाळंतिणींचं. तिसऱ्यात म्हातारे. त्यांनी स्वतःहून सांगितलं, आमची टाकी सगळ्यात शेवटी भरा. मी ऐकलं नाही, आळीपाळीने भरते." ती एकेक कोठार दाखवत गेली. कुठे थांबली नाही, आठवावं लागलं नाही. तिच्या आवाजात विनवणी नव्हती. पाळी बदलताना एक नर्स दुसरीला वॉर्ड सोपवते ना, तसं ती ते दहा लाख खोल्यांचं जहाज सोपवत होती.

शेवटचं कोठार बघून सर अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "धक्का क्रमांक एक मोकळा करा."

गाडीवाल्यानं जोरात नाक शिंकरलं. पुणेकर पुस्तकाचं एकच पान पुन्हा पुन्हा सरळ करत होता.

दारं उघडली. सरांनी सांगितलं, बाहेर सकाळ आहे, वारा आहे, गवताचा वास येतोय. पहिली मुलं उतरली, ती दारातच अडली, कारण एवढी हवा फुकट आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. मागून कुणीतरी ढकललं. मग बाकीचे. उतरणं संपेचना. सर सांगत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो, जणू एकही माणूस आमच्या न ऐकण्यामुळे आत राहायला नको.

सगळे उतरल्यावर मी विचारलं, "आता अक्षर कुठलं लावणार?"

"ख," सर म्हणाले. "पुस्तकात तेच आहे."

मी तोंड उघडलं होतं. सिस्टरने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लावू दे ताई. माणसं उतरली." मग ती सरांकडे वळली. "बंदरवाले काय करतील त्याचं?"

"दगड भरतील. उद्यापासून."

ती उठली, ओढणी झटकली, पिशवी खांद्याला लावली. सोमवारची गाडी पहाटेची होती, सामान बांधायचं होतं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"आधी फिनाईलनं धुऊन घ्या म्हणावं," ती म्हणाली. "आजारी माणसं होती तिथं."